आक्कांचा मोर

आक्कांनी विश्वासाने माझ्या हातात दिलेली वस्तू मी मोडली, तिच्या जागी दुसरी नेऊन ठेवली आणि पुढे सात वर्षं त्यांच्याच सोप्यावर बसून चहा पीत राहिलो. आक्कांविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. हे लपवून त्यांचं कौतुक करीत बसलो, तर त्या कौतुकाला काही अर्थ राहणार नाही.

शिवाजी पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आक्कांचं घर होतं. मी त्यांना पाहिलं तेव्हापासून त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. चाळिशी गाठायच्या आतच सगळे गेले, असं त्या स्वतःच सांगत. आणि या बिनदातांच्या बाईंना नाद होता अडकित्त्यांचा. माजघराच्या भिंतीला खुंट्याच खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक अडकित्ता. कुठे पितळेचा पोपट, कुठे दौडणारा घोडा, कुठे हात जोडून उभी राहिलेली बाई. एकाच्या मुठीत बारीक खडे भरलेले होते. सुपारी कातरली की तो घुंगरासारखा वाजे. कुणी विचारलं, "आक्का, तुम्ही तर सुपारी खात नाही, मग हे कशाला?" तर त्या म्हणत, "आंधळ्यानं गाणं ऐकू नये व्हय रं?"

सुपारी खाण्याचं काम त्यांच्या यजमानांकडे होतं. दाजी पूर्वी दरबारच्या पागेत होते. उंचपुरा, मिशाळ माणूस, दात घोड्यासारखे मजबूत. नवीन अडकित्ता घरात आला की आक्का त्याला तेल पाजत, धार बघत आणि मग सुपारी कातरून खांडं दाजींच्या तळहातावर ठेवत. ती खाऊन दाजींनी मान हलवायची, एवढीच त्यांची कामगिरी. तोंडात सतत सुपारी असल्यामुळे दाजींना फारसं बोलता येत नसे. आक्का म्हणत, "आमच्या म्हाताऱ्याचं त्वांड कधी मोकळं सोडलं न्हाई मी. म्हणून तर संसार सुखाचा झाला." दाजी हेही ऐकत आणि मान हलवत.

आक्कांनी एकही अडकित्ता रोकडा देऊन विकत घेतला नव्हता. संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. मोठमोठ्या घरांतला पसारा आवरायला लागला. हंडे, समया, पानाचे डबे मोडीत निघू लागले. आमच्या गल्लीच्या मागेच एक मोडीचं दुकान होतं. आक्का दुपारची भाकरी झाली की तिथे जाऊन बसत. पितळेच्या ढिगातून एखादा सुंदर अडकित्ता वर आला की पदर खोचून घरी येत आणि घरातलं एखादं भांडं उचलून नेत. दुकानदाराला पितळेशी मतलब. अडकित्त्याच्या चौपट वजनाची घागर मिळाल्यावर तो कशाला नाही म्हणेल? अशा रीतीने आक्कांच्या लग्नातली घागर गेली, परात गेली, दाजींचा आंघोळीचा बंब गेला. त्यांच्या जागी जर्मनची, म्हणजे हलक्या ॲल्युमिनियमची, भांडी आली. एकदा दाजी जेवायला बसले, तर पुढ्यात पितळीऐवजी जर्मनचं ताट. त्यांनी ताटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नवा हत्ती लटकत होता. "चांगला हाय," दाजी म्हणाले आणि जेवायला लागले. आक्का ही गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

पण जमवलेल्या वस्तू कुलपात घालून ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांचं एक म्हणणं होतं: "कपाटात ठिवलेली चीज म्हंजे अंथरुणाला खिळल्यालं माणूस. हातात फिरली तर जित्ती." आणि त्यांच्या वस्तू हातात फिरत त्या नवरदेवांच्या. आमच्याकडे हळद लागली की नवऱ्या मुलाच्या हातात काही धारेचं द्यायची रीत आहे, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. सरदार घराण्यांत कट्यार असे. आम्हा साध्या माणसांत अडकित्ता. लग्न लागेपर्यंत, आणि नंतर जोडीने जोतिबाला जाऊन येईपर्यंत, नवरदेवाने तो जवळ बाळगायचा. पेठेत कुणाचंही लग्न निघालं की मुलाची आई आक्कांकडे येई. आक्का त्या मुलाला माजघरात बोलावत, भिंतीपुढे उभा करत आणि म्हणत, "निवड." घाबरट मुलाने घोडा निवडला की त्यांना फार आनंद होई.

द्यायची रीत साधी होती, पण परत करायची रीत आक्कांनी स्वतः घालून दिली होती. आईबरोबर पाठवलेला अडकित्ता त्या घेत नसत. नवराबायकोने जोडीनेच यायचं. नवऱ्याने त्याच अडकित्त्याने सुपारी कातरायची, बायकोने खांडं दाजींना द्यायची, आणि मग नवऱ्याने म्हणायचं, "आक्का, पोचला." आक्का अडकित्ता कपाळाला लावून म्हणत, "पोचला." एवढं झाल्याशिवाय तो खुंटीवर जात नसे, आणि खुंटीवर गेल्याशिवाय पुढच्या नवरदेवाला मिळत नसे. एका मुलाने बायको माहेरी गेली म्हणून एकट्यानेच अडकित्ता आणला, तर आक्कांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "तिला घिऊन ये. भांडून गेली आसंल तर आदी भांडण मिटीव."

सगळ्या भिंतीत मानाची खुंटी मोराची होती. जुन्या, काळसर पितळेचा मोर, पोटाशी पोलादी पातं, पिसाऱ्याच्या दोन मुठी, डोक्यावर नाजूक तुरा. तो आक्कांच्या वडिलांचा. खरं म्हणजे त्यांनी तो चोरून आणला होता. लग्नाच्या वरातीत निघताना बापाच्या पानाच्या डब्यातून काढून ओच्यात लपवला. "बा दिवाळीला आला," आक्का सांगत, "तर खुंटीला मोर. मी म्हनलं, बा, चुकलं माझं. तर म्हनला, बरं झालं की, आता सुपारी खायाला लेकीकडं यायाला निमित्त झालं." मोराच्या एका मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. वर्षानुवर्षं धरून धरून वडिलांच्या अंगठ्याने पाडलेला. मोर कुणालाही दाखवताना आक्का आपला अंगठा त्या खळग्यात ठेवत. आक्का तो मोर मोजक्याच मुलांना देत. मी त्यांच्या समोर वाढलेला, शिकून हायस्कुलात मास्तर झालेला. माझ्या लग्नात त्यांनी मला निवडायला लावलंच नाही. मोर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "वसंता, ह्यो तुझा."

लग्न माघात झालं. चार दिवसांनी कुसुम आणि मी बैलगाडीतून जोतिबाला निघालो. दर्शन छान झालं. दोघंही गुलालाने माखलेलो, नव्याने बोलायला शिकलेलो. परतताना डोंगराखाली एका मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. काकवीचा वास दरवळत होता. गाडीवाल्याने बैल सोडले. कुसुम म्हणाली, "ऊस खावासा वाटतोय." मळेकऱ्याने आनंदाने एक लांबलचक ऊस हातात दिला आणि विळा आणायला म्हणून तो खोपीकडे वळला. तेवढा वेळ थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नवी बायको बघत होती. माझ्या कमरेला मोर होता. मी म्हटलं, "विळा कशाला?"

पहिलं कांडं तुटलं. कुसुम हसली. दुसऱ्या कांड्याला पेर मध्ये आलं, मी दोन्ही हातांनी जोर केला, आणि कडकन आवाज झाला. बिजागरी फुटली, एक मूठ मातीत पडली, तुरा मोडून उसाला चिकटून राहिला. मळेकरी विळा घेऊन आला आणि माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "पावणं, सुपारीचं हत्यार ते. उसाला कशापायी लावलं?"

वाटेत कुसुम म्हणाली, "तसंच जाऊन सांगू या. मीच ऊस मागितला म्हणून सांगते." मी ऐकलं नाही. मला मोडल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त भीती होती ती आक्कांच्या नजरेतून उतरण्याची. दुसऱ्याच दिवशी मी तुकडे रुमालात बांधून कागलच्या एका ओताऱ्याकडे गेलो. कोल्हापुरात कुणीतरी आक्कांना सांगितलं असतं. त्याने तुकडे मेणाने जोडले, साचा घेतला आणि नवा मोर ओतून दिला. पातं नवं बसवलं, पितळ मिठाच्या पाण्याने आणि धुराने जुनं केलं. साचा इतका हुबेहूब उतरला की मुठीवरचा खळगासुद्धा जसाच्या तसा आला.

त्या वर्षी आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. मला ते ठाऊक होतं. मी कुसुमला घेऊन गेलो, सुपारी कातरली, कुसुमने मान खाली घालून खांडं दाजींना दिली. दाजींनी ती चावली आणि कधी नव्हे ते बोलले, "धार वाढली जणू." आक्कांनी मोर हातात घेतला, अंगठा खळग्यात ठेवला आणि त्यांचा चेहरा फुलला. "बाचा अंगठा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आक्का, पोचला." त्यांनी तो कपाळाला लावला.

त्यानंतरची वर्षं खरं तर आमच्या आनंदाची. आमचा संसार चांगला चालला, दोन मुलं झाली, आणि पेठेत बोलबाला झाला की मोर हातात घेतलेल्याचा संसार सुखाचा होतो. आक्काच सांगत, "वसंताकडं बघा की." मग ज्याला त्याला मोर हवा. आक्काही आता हात सैल सोडून तो देऊ लागल्या. प्रत्येक नवरदेवाचा अंगठा त्या खळग्यात टेकवून सांगत, "ह्यो माझ्या बाचा. त्येचा आशीर्वाद हाय." पोरं भक्तिभावाने मान लववत. मी अनेकदा तिथेच सोप्यावर असे, हातात चहाची कपबशी. घरी आलो की कुसुम माझ्याकडे बघे. खरे तुकडे आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात होते. मुलांनी एकदा तो डबा खेळायला काढला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर हात उगारला.

मुंबईच्या एका संग्रहालयासाठी जुन्या वस्तू बघत हिंडणारे एक गृहस्थ कोल्हापुरात आले, तेव्हा कुणीतरी त्यांना आक्कांचं नाव सांगितलं. निरोप आला की ते वस्तू बघतील आणि मालकाची हरकत नसेल तर एखादी काचेच्या पेटीत ठेवायला नेतील, खाली माहितीची चिठ्ठी लावून. आम्हाला वाटलं आक्का त्यांना हाकलून देतील. काचेची पेटी म्हणजे त्यांच्या मते अंथरूणच. पण त्या वेगळ्याच विचारात पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "वसंता, माझा बा जन्मात कोल्हापूरच्या फुडं गेला न्हाई. मोर दिऊन टाकतो. मुंबईत त्येचं नाव तर लागंल. चिठ्ठी तू लिव. तुझं अक्षर चांगलं हाय."

घरी येऊन मी कुसुमला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही लिहाल ती चिठ्ठी?" मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "असं खोटं लिहिणारा हात मला तरी ओळखीचा वाटणार नाही," ती म्हणाली.

पाहुणे आले त्या सकाळी आक्कांनी जामखाना अंथरून सगळे अडकित्ते मांडले होते. मधोमध मोर. दाजी धुतलेला पटका बांधून कोपऱ्यात बसले होते. मी आलो होतो तो सांगायच्या निश्चयाने, पण जमलेली गल्लीतली माणसं बघून नेहमीच्या जागी जाऊन बसलो. पाहुणे फार सभ्य होते. पोपट बघून हरखले, घुंगराचा अडकित्ता त्यांनी मुलासारखा वाजवून पाहिला. आक्का एकेकाची कहाणी सांगत होत्या: ह्यो मोडीतनं आला, परातीच्या बदली, ह्यो हत्ती, ह्येच्यापायी आमचं म्हातारं जर्मनच्या ताटात जेवतंय. पाहुणे मनापासून हसत होते. मग त्यांनी मोर उचलला.

"ह्यो माझ्या बाचा," आक्का म्हणाल्या. "बघा, त्येचा अंगठा."

पाहुण्यांनी अंगठा ठेवला. मग भिंग काढून बिजागरीच्या आत पाहिलं. तिथवर कागलचा धूर पोचला नसावा; त्यांनी पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. ते आक्कांकडे बघत शब्द शोधू लागले. त्या क्षणी मला कळलं की आता हा परका माणूस आक्कांना त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांसमोर खोटं ठरवणार आहे.

"तो आक्कांच्या वडिलांचा नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आक्का, तो मी कागलला करून घेतलाय. खरा माझ्या घरी आहे. मोडलेला."

आक्का आवाजाच्या रोखाने बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जा, घिऊन ये."

मी गल्लीतून धावत गेलो. मास्तरांना धावताना बघून पोरं हसली. डबा घेऊन परतलो तेव्हा कुसुम माझ्या मागे, पिठाच्या हातांनी. आक्कांनी डब्यातले तुकडे एकेक करून मांडीवर घेतले. तुरा चाचपला. मूठ सापडल्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

"कशानं मोडला?"

"ऊस तोडताना."

"ऊस?"

"जोतिबाच्या वाटेवर," कुसुम म्हणाली. "मी मागितला होता आक्का."

आक्कांच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटलं त्या रडताहेत. रडतही असतील, पण तोंडातून बाहेर पडलं ते हसू. बिनदातांचं, घरभर घुमणारं. "अहो, ऐकलं का," त्या दाजींना म्हणाल्या, "माझ्या बाच्या मोरानं ऊस तोडला ह्या मास्तरनं. बायकूपायी." दाजीही हसले आणि सुपारी अडकून खोकू लागले. मग आक्का थांबल्या. पदराने डोळे पुसले आणि नव्या मोरावर हात फिरवत म्हणाल्या, "पर मी डोळं मिटून वळकतो म्हनायचो रं. आन किती पोरांच्या हातात दिला मी ह्यो, बाचा म्हणून."

 

पाहुणे हळूच म्हणाले, "बाई, आम्हाला हा मोडकाही चालेल. खरा आहे, एवढं पुरे."

"न्हाई पावणं, आसं कसं," आक्का म्हणाल्या. "अजून माझ्याकडं पोचला कुठं त्यो? पोचल्याबिगर फुडं दिऊ कसा?" त्यांनी नवा मोर उचलून माझ्यापुढे धरला. "खऱ्यानं आता सुपारी व्हायची न्हाई. ह्येनं कातर. कुसुम, बस त्येच्या शेजारी."

मी जामखान्यावर बसलो. सुपारी कातरताना खांडं चहूकडे उडाली. कुसुमने ती वेचून दाजींच्या हातावर ठेवली. दाजींनी चावली आणि म्हणाले, "ह्योबी राहू दे. धार चांगली हाय." पुढे तो मोर खुंटीवर राहिलाच, आणि आक्का शेवटपर्यंत तो नवरदेवांना देत राहिल्या. फक्त सांगणं बदललं: "ह्यो वसंताचा. ह्येनं ऊस तोडू नगा."

पण ते नंतर. त्या सकाळी मी मोडके तुकडे दोन्ही हातांत घेतले आणि आक्कांपुढे धरले. सात वर्षांपूर्वी सहज म्हणून गेलो होतो, तोच एक शब्द आता खरा करायचा होता. आक्का वाट बघत होत्या. पाहुणेही मान खाली घालून बसले होते.

"आक्का," मी म्हणालो, "मोडला त्याचं दुःख आहेच. पण तुमच्या तोंडून इतक्या पोरांना खोटं सांगायला लावलं, ते माझं चुकलं. फार चुकलं. मला क्षमा करा. आक्का, पोचला."

त्यांनी तुकडे कपाळाला लावले.

"पोचला," आक्का म्हणाल्या.